करासाठीं परमुलखांतली खरेदी : हिशेबास उतरते काय ?

कर वांचविण्यासाठीं दुसऱ्या मुलखांत जाऊन माल घेण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. ज्या दिवशीं विक्रीवर कर बसला, त्याच दिवशीं तो कोठें बसत नाहीं याचा शोधही सुरू झाला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. सीमेजवळच्या कोणत्याही गांवीं चावडीवर घटकाभर बसलें असतां “पलीकडे डिझेल दोन रुपयांनीं स्वस्त आहे”, “अमक्या शहरांत बिलाशिवाय घेतलें तर औषध कमींत पडतें” अशा गोष्टी कानीं पडतातच. बोलणारा किती वांचले तें हौसेनें सांगतो. जाण्यायेण्यास काय लागलें तें मात्र सहसा सांगत नाहीं. ह्या दोन्ही बाजू एकाच वहींत मांडून पाहाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. करचुकवेगिरी योग्य कीं अयोग्य हा प्रश्न महत्त्वाचा खरा, परंतु येथें आम्ही विषय मुख्यत्वें जमाखर्चाचा म्हणूनच घेतला आहे.

विक्रीकराची थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत ह्या कराचा आरंभ आपल्याच वऱ्हाडी बांधवांवर झाला. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारनें १९३८ सालीं मोटारीचें इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा ५ प्रमाणें कर बसविला. असा कर घेण्याचा अधिकार प्रांताचा कीं मध्यवर्ती सरकारचा, हा वाद फेडरल कोर्टापुढें गेला व सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रांताच्या बाजूनें मत दिलें. तेवढ्यानें वाट मोकळी झाली. १९३९ सालीं मद्रास प्रांतानें सर्वसाधारण विक्रीकर लागू केला, आणि १९४६ सालीं मुंबई प्रांतांतही तसा कायदा आला. पुढें प्रत्येक राज्याचा दर निराळा, सवलती निराळ्या, असा प्रकार पुष्कळ वर्षें चालला. सीमेवरचा मनुष्य अर्थातच दोन्हीकडचे भाव विचारूं लागला.

सरकारेंही स्वस्थ बसलीं नव्हतीं. परराज्यांत मोटार किंवा दुसरें वाहन घेऊन कर वांचविण्याचा प्रकार वाढला, तेव्हां महाराष्ट्रानें १९८७ सालीं बाहेरून येणाऱ्या वाहनांवर प्रवेशकराचा कायदा केला. बाहेर जो विक्रीकर भरला असेल तो वजा जाऊन उरलेला फरक येथें भरावा लागे. म्हणजे पलीकडे जाऊन जें वांचविलें तें घरीं आल्यावर मोजून द्यावयाचें. मध्यें जाण्यायेण्याचा खर्च झाला तो मात्र ज्याचा त्यानें सोसावयाचा. ही गोष्ट माहीत नसतांना केवळ शोरूमचा भाव ऐकून निघालेल्या मनुष्यास कायद्यानें शिकविलें तें चांगलेंच महाग पडलें असलें पाहिजे.

१ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि ह्या खटाटोपाचा पायाच बहुतांशीं ढासळला. ज्या वस्तूवर शेंकडा १८ कर आहे, तिच्यावर तो कोल्हापुरांत १८ व बेळगांवांतही १८ च. सिमेंट, पी. व्ही. सी. नळ, कीटकनाशकें, ट्रॅक्टर, ठिबकचें सामान, यांपैकीं कशालाही करासाठीं म्हणून सीमा ओलांडण्यांत आतां अर्थ उरलेला नाहीं. दोन गांवांच्या भावांत फरक आढळला तर तो दुकानदाराच्या नफ्याचा, वाहतुकीचा किंवा घाऊक खरेदीचा असतो. असा फरक शोधणें शहाणपणाचें आहे. परंतु तो आपल्याच जिल्ह्यांतल्या बाजारपेठेंतही सांपडतो. युरियाच्या पोत्याची कमाल किंमत तर केंद्र सरकारच ठरवितें व ती देशभर सारखीच. तेव्हां युरियासाठीं पलीकडे धांवण्याचें एकच कारण संभवतें, तें म्हणजे आपल्याकडे माल नसणें.

अपवाद राहिला तो इंधनाचा, आणि योगायोग असा कीं १९३८ सालीं ज्या मालावर पहिला विक्रीकर बसला तोच माल आजही जुन्या पद्धतीनें राज्याच्या हातीं आहे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनें कच्चें खनिज तेल, डिझेल, पेट्रोल, नैसर्गिक वायु व विमानाचें इंधन ह्या पांच वस्तूंवर वस्तु व सेवा कर केव्हां लावावयाचा तें परिषदेच्या शिफारशीवर सोंपविलें. तोंपर्यंत प्रत्येक राज्य आपल्या मर्जीप्रमाणें दर ठरवितें. शेतकऱ्याचा पैसा सर्वांत वारंवार ज्यांत जातो तें डिझेलच असल्यानें हा भाग जरा सविस्तर पाहूं.

महाराष्ट्रांत मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथें डिझेलवर २४ टक्के व इतरत्र २१ टक्के असा मूल्यवर्धित कर होता. १ जुलै २०२४ पासून तो सगळीकडे २१ टक्के करण्यांत आला. कर्नाटकांत तोच कर जून २०२४ पर्यंत १४.३४ टक्के होता. लिटरचें करापूर्वीचें मूल्य ७५ रुपये धरलें तर ह्या दोन दरांतला फरक लिटरमागें जवळजवळ ५ रुपये होतो. कागल, चंदगड, जत, मंगळवेढें, अक्कलकोट ह्या पट्ट्यांतल्या लोकांस पलीकडच्या पंपांचें आकर्षण वाटलें तर त्यांत नवल तें काय? परंतु १५ जून २०२४ रोजीं कर्नाटक सरकारनें दर १८.४४ टक्के केला, आणि १ एप्रिल २०२५ पासून २१.१७ टक्के. म्हणजे वर्षाच्या आंत पांच रुपयांचें आकर्षण निदान कराच्या दरापुरतें नाहींसें झालें. ज्यांनीं स्वस्त डिझेलच्या भरवशावर टाक्या व पिंपें विकत घेतलीं, त्यांच्या त्या टाक्या आतां पाणी सांठविण्याच्या कामीं येत असतील.

गोव्याची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१२ सालीं मनोहर पर्रीकर यांच्या सरकारनें पेट्रोलवरचा कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला व लिटरचा भाव एकदम सुमारें ११ रुपयांनीं उतरला. बांदें, दोडामार्ग, सावंतवाडी येथील मोटारसायकलस्वारांस तो सुकाळच वाटला. बांद्याहून हद्द कांहीं कोसांवर. तेथल्या मनुष्याचा त्यांत खरोखरच फायदा होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु पुढच्या काळांत गोव्यानें तो कर टप्प्याटप्प्यानें पुन्हा वाढविला. शेजारच्या राज्याचा करदर हा आपल्या शेताचा बांध नव्हे. तेथल्या विधानसभेस पैशांची गरज लागली कीं तो एका रात्रींत सरकतो.

आतां प्रत्यक्ष हिशेब. सीमेपलीकडचा पंप आपल्या गांवाहून २० किलोमीटर आहे असें समजूं. कागलहून निपाणी साधारण तेवढीच आहे. जातां-येतां ४० किलोमीटर. पिकअप गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते असें धरलें तर ३⅓ लिटर डिझेल जळलें. ९० रुपये भावानें त्याचे ३०० रुपये झाले. टायर, वंगण, दुरुस्ती यांची झीज किलोमीटरमागें २ रुपये धरली तरी ८० रुपये. चालकाचा अर्धा दिवस ३०० रुपये. चालक आपला मुलगाच असला तरी हे पैसे सोडूं नयेत, कारण त्या वेळांत तो दुसरें काम करूं शकला असता. एकूण ६८० रुपये खर्च झाला. आतां भावांतला फरक लिटरमागें ५ रुपये असेल तर केवळ तोंडमिळवणी होण्यास १३६ लिटर डिझेल घ्यावें लागेल. फरक २ रुपये असेल तर ३४० लिटर, आणि १ रुपया असेल तर ६८० लिटर. यांत टोल धरलेला नाहीं. कागल-निपाणीच्या वाटेवर कोगनोळीचा नाका लागतो, तो खर्च ज्याच्या त्याच्या वाहनाप्रमाणें मिळवावा.

३४० लिटर म्हणजे किती? रोटाव्हेटरचें काम करणारा ट्रॅक्टर ताशीं पांच लिटर पितो असें धरल्यास ६८ तासांचें काम. तितकें डिझेल एका वेळीं घेणारा शेतकरी विरळा. आणि ज्यानें तेवढें घेतलें त्यास एक पैसाही सुटला नाहीं, तो फक्त बरोबरीस आला. ३४१ व्या लिटरपासून त्याची कमाई सुरू होते, ती दर लिटरला दोन रुपये!

मोटारसायकलला दोन्ही बाजूंस कॅन बांधून जाणाऱ्यांचा हिशेब तर याहून मौजेचा आहे. गाडी लिटरला ५० किलोमीटर जात असली तर ४० किलोमीटरांस ०.८ लिटर पेट्रोल. १०५ रुपये भावानें ८४ रुपये. आणलें ४० लिटर, फरक दोन रुपये, वांचले ८० रुपये. चार रुपये पदरचे गेले, आणि सकाळ गेली ती निराळीच. शिवाय बाजारास गेलेला मनुष्य चहा घेतो, मित्र भेटला तर भजीं मागवितो, मुलांस खाऊ घेतो. निपाणीस जाऊन नुसतें डिझेलच घेऊन परतलेला मनुष्य आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

सांठवणीचाही खर्च असतो, पण तो डोळ्यांस दिसत नाहीं. पिंपांत अर्धवट भरलेल्या डिझेलवर दमट हवेचें पाणी सुटून तळाशीं बसतें, आणि तें पंपांत व नोझलांत गेलें कीं दुरुस्तीचें बिल वर्षभराच्या बचतीवर पाणी फिरवितें. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ इंधनाचीं पिंपें ठेवण्यांत आगीची धास्ती किती आहे तें शेतकऱ्यास सांगावयास नको.

याचा अर्थ पलीकडे कधींच घेऊं नये असा नव्हे. वरच्या हिशेबांतला सगळा खर्च केवळ डिझेलसाठीं केलेल्या फेरीचा आहे. चंदगड तालुक्यांतला जो शेतकरी भाजीपाला घेऊन बेळगांवच्या बाजारास जातच असतो, त्यास परततांना टाकी भरून घेण्यास वेगळें कांहींच लागत नाहीं. फरक एक रुपया असला तरी तो निव्वळ नफा आहे. तीच गोष्ट विजापूरकडे माल नेणाऱ्या जतच्या बागायतदाराची, बिदरशीं नित्य व्यवहार असलेल्या उदगीरकराची, किंवा मुलगी पलीकडे दिली असल्यानें वरचेवर जाणाऱ्या कोणाचीही. मालट्रकवाल्याची टाकी तीनचारशें लिटरची आणि वाट तीच. तेव्हां पंपमालक सीमेवर भावाचे मोठे फलक लावतात ते त्याच्यासाठीं असतात, आपल्या वीस लिटरच्या कॅनसाठीं नव्हे. वाट वाकडी करावी लागते कीं नाहीं, ह्या एकाच प्रश्नावर सगळा निकाल अवलंबून आहे.

दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. येथें मुलूख ओलांडावा लागत नाहीं. ओलांडावयाचें असतें तें बिल. “पक्कें बिल पाहिजे तर अकराशें ऐंशी, नाहींतर अकराशें तीसला देतो,” हें वाक्य फवारणीचें औषध घेतांना ऐकलें नाहीं असा शेतकरी क्वचितच असेल. ऐकणाऱ्यास वाटतें, सरकारचे १८० रुपये वांचले, त्यांतले ५० मला मिळाले, १३० दुकानदारास. दोघांचेंही भलें झालें. परंतु हा समज मुळांतच चुकीचा आहे, आणि तो कसा तें पाहण्यासारखें आहे.

समजा, दुकानदारानें तें औषध घाऊक व्यापाऱ्याकडून ८५० रुपये व त्यावर १८ टक्क्यांप्रमाणें १५३ रुपये कर देऊन रीतसर आणलें. तो १,००० रुपये व १८० रुपये कर अशा भावानें विकतो. नव्या पद्धतींत त्यानें आधीं भरलेले १५३ रुपये वजा होतात व सरकारांत भरावयाचे राहतात ते फक्त २७. म्हणजे बिल न केल्यानें त्याच्या हातीं वांचण्यासारखे खरे पैसे २७ रुपयेच आहेत. त्यानें तुम्हांस ५० रुपये सोडले तर २३ रुपये आपल्या नफ्यांतून सोडले. मग तेवढे तो बिलावरही सोडूं शकला असता, घासाघीस करावयास हवी होती. आणि त्यानें दीडशें-दोनशें रुपये सोडले तर? रीतसर आणलेला माल त्या भावानें विकणें त्यास परवडणारच नाहीं. अशा वेळीं मनांत पहिली शंका यावयास हवी ती करासंबंधीं नव्हे, बाटलींतल्या औषधासंबंधीं. माल मुळांतच बिलाशिवाय आला असला पाहिजे, आणि बिलाशिवाय जो येतो तो कारखान्यांतूनच निघाला असेल याची हमी कोण देणार? बनावट औषध फवारलें, कीड मेली नाहीं, आठ दिवस गेले, पुन्हा फवारणीची मजुरी आली. त्यांत ५० रुपयांची बचत कोठल्या कोठें वाहून जाते.

बियाण्याच्या बाबतींत तर कराचें निमित्तही लागू नाहीं. पेरणीच्या बियाण्यावर वस्तु व सेवा कर मुळींच नाहीं. असें असतां कोणी “बिल घेतलें तर महाग पडेल” म्हणूं लागला, तर तो कराविषयीं बोलत नसून आणखी कांहीं लपवीत आहे, हें ताडावें. विदर्भांत अनधिकृत कपाशीचें वाण असेंच बिलाशिवाय, परराज्यांतून येतें. बियाणें उगवलें नाहीं तर तक्रार करण्यास हातीं पावती व पिशवीवरचा गटक्रमांक पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणांत बियाणें घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे व तो ग्राहक मंचाकडे जाऊं शकतो असें स्पष्ट केलें. हा हक्क मोठा आहे. पण खरेदी झाल्याचा पुरावाच नसेल तर मंचानें तरी काय पाहावें? १९८६ च्या ग्राहक कायद्याप्रमाणें विक्रेत्याच्या किंवा खरेदीच्या ठिकाणींच तक्रार करावी लागे, त्यामुळें जतच्या मनुष्यानें विजापुरास घेतलेल्या मालासाठीं विजापुरासच खेपा घालाव्या लागत. २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या कायद्यानें आपल्या राहत्या जिल्ह्यांत तक्रार करण्याची सोय झाली आहे. ही सोयही पावतीवरच उभी आहे. औजारांच्या अनुदानासाठीं अर्ज केला असेल तर तेथेंही पक्कें बिल जोडावें लागतें. हजारांचें अनुदान शेंकड्यांच्या सवलतीसाठीं घालविणें हा कसला व्यवहार?

खरी बचत कोठें झाली तें पाहावयाचें तर २०२५ सालाकडे पाहावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग १८ वरून ५ वर, ठिबक व तुषार सिंचनाचें सामान आणि बहुतेक शेतीयंत्रें १२ वरून ५ वर आलीं. करापूर्वीं ७ लाख रुपये किंमत असलेल्या ट्रॅक्टरवर पूर्वी ८४,००० रुपये कर होता, तो ३५,००० झाला. ४९,००० रुपये वांचले. त्यासाठीं कोणास परराज्यांत जावें लागलें नाहीं, कीं कच्च्या पावतीवर विश्वासावें लागलें नाहीं. ऑगस्टमध्यें कर उतरणार अशी वार्ता वर्तमानपत्रांतून आलीच होती. ज्यांचें काम अडलेलें नव्हतें व ज्यांनीं महिनाभर हात आंवरला, त्यांस तो लाभ झाला. अर्थात् हंगाम तोंडावर असतां कराच्या आशेनें यंत्र न घेणें हेंही तोट्याचेंच. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत असूं द्यावी. व्यापाऱ्यास खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो, तसा तो शेतकऱ्यास मिळत नाहीं, कारण शेतकरी ह्या कराच्या नोंदणींत येतच नाहीं. त्याच्या अंगावर पडलेला कर त्याच्या उत्पादनखर्चांत कायमचा मुरतो. म्हणूनच शेतीच्या सामानावरील कराचा दर काय असावा हा विषय शेतकऱ्यांच्या संस्थांनीं सरकारकडे सतत मांडीत राहण्याचा आहे. तेथें एक टक्का सुटला तर तो निपाणीच्या शंभर फेऱ्यांहून अधिक आहे.

वाहनासंबंधीं एक खुलासा करणें जरूर आहे, कारण अजूनही “अमक्या राज्यांत गाडी स्वस्त” अशी समजूत आहे. वाहनाच्या विक्रीवरचा कर आतां सर्वत्र सारखा आहे. निराळा आहे तो राज्याचा मोटारवाहन कर. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणें मालक जेथें राहतो किंवा वाहन जेथें ठेवतो तेथेंच नोंदणी करावी लागते, आणि परराज्यांत नोंदलेलें वाहन येथें बारा महिन्यांहून अधिक ठेवलें तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. नातलगाच्या पत्त्यावर पलीकडे नोंदणी करून येथें कायम वापरणारे लोक आहेत; परंतु कर मागण्याची पाळी येते तेव्हां तो थकबाकी व दंडासह मागितला जातो, आणि अपघात झाला तर खोट्या पत्त्याची चौकशी विम्याच्या वेळीं निघते.

शेवटीं बिलासंबंधीं थोडें. व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो व त्याचे पहिले दोन आंकडे राज्याचे असतात : महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०, गुजराथचे २४. क्रमांक खरा आहे कीं नाहीं तें सरकारच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून कोणासही पाहतां येतें. बिलावर मालाचें नांव, गटक्रमांक, परिमाण व कर वेगळा दाखविलेला असावा. लहान दुकानदारानें एकरकमी कराची सवलत घेतली असेल तर त्यास ग्राहकाकडून निराळा कर घेण्याचा अधिकार नाहीं, व त्याच्या बिलावर तसा उल्लेख असतो. अशा दुकानांत कोणी शेंकडा अठरा म्हणून वर मागूं लागला तर ते देऊं नयेत.